साडेअकराचा तास

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले तेव्हा शाळेने छोटासा निरोप समारंभ ठेवला होता. जुने विद्यार्थी आले होते. त्यातला एक आता स्वतःच शिक्षक आहे. तो माइकवर म्हणाला, "बाई आम्हाला ओरडल्या खूप, पण टाकून कधी कोणाला बोलल्या नाहीत." टाळ्या वाजल्या. मी हसले, शाल-नारळ घेतला. परळहून दादरला घरी येईपर्यंत टॅक्सीत माझ्या डोळ्यांसमोर एकाच बाईचा चेहरा होता. तिला मी टाकून बोलले होते, स्टाफरूममध्ये, दोन सहकाऱ्यांच्या देखत. आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेल्या चांगल्या विद्यार्थ्यांत ती पहिल्या दोन-तीनांत बसली असती.

साथीमुळे शाळा बंद झाल्या ते वर्ष. मी मूळची गिरगावची. आजोबा, वडील दोघेही कचेरीत कारकून, घरात अक्षराला आणि शुद्धलेखनाला फार मान. लग्न होऊन दादरला आले आणि परळच्या एका मराठी शाळेत मराठी शिकवायला लागले. फळा, खडू आणि समोर पन्नास चेहरे, एवढंच माझं भांडवल. ते गेलं. जेवणाच्या टेबलावर शब्दकोशांचा गठ्ठा रचून त्याला मोबाइल टेकवायचा आणि समोरच्या काळ्या चौकोनांकडे बघून बोलायचं. कॅमेरा चालू ठेवा म्हणायची सोय नव्हती. कोणाचा नेटपॅक संपायचा, कोणाच्या दहा बाय बाराच्या खोलीत मागे सगळं घर दिसायचं. माइक उघडला तर कुकरची शिट्टी, नळावरचं भांडण. "समजलं का?" विचारलं की काहीच नाही. पूर्वी पाठ फिरवून फळ्यावर लिहिताना सुद्धा मला कळायचं की तिसऱ्या बाकावरच्याला समजलेलं नाही. आता मी दर पाच मिनिटांनी नुसतं "आहात ना सगळे?" म्हणायची. विहिरीत ओरडल्यासारखं वाटायचं.

त्या जूनमध्ये नववीत एक नवी मुलगी आली होती. महापालिकेच्या शाळेतून आठवी करून आलेली, त्यामुळे आमच्यापैकी कोणीच तिला पाहिलेलं नव्हतं. प्रवेशाचा अर्ज व्हॉट्सअॅपवर आला. पत्ता डिलाईल रोडच्या चाळीचा, वडील इस्पितळात वॉर्डबॉय. पहिले काही दिवस तिचं नाव नुसतं हजेरीला असायचं. माइक बिघडलाय, असं तिने लिहून कळवलं होतं.

एके दिवशी मी वाक्प्रचार घेत होते. "हातचं राखून बोलणं म्हणजे काय?" नेहमीसारखी शांतता. मी स्वतःच उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोच पडद्यावर खाली अक्षरं उमटली. "सगळं न सांगणे. थोडं आपल्यापाशी ठेवणे." त्या नव्या मुलीचं उत्तर.

"शाब्बास!" मी जवळजवळ ओरडलेच. "शब्दकोशात सुद्धा इतकं छान दिलेलं नाही."

त्यानंतर ती रोज उत्तरं द्यायला लागली. गृहपाठाच्या वहीचे फोटो यायचे. गोल, उभं, एकसारखं अक्षर, समास दुमडलेला, ह्रस्व-दीर्घाची एक चूक नाही. दुपारी शंका विचारायची. "बाई, 'की' नेहमी दीर्घच ना?" "बाई, कवीला जे वाटलं तेच आपल्याला वाटायला हवं का?" चौदा वर्षांच्या मुलीचा हा प्रश्न वाचून मी हातातला चहा खाली ठेवला होता.

मराठीचा तास साडेअकराला असे. हळूहळू मी साडेअकराला गाऊनवर ओढणी घेऊन बसायचं सोडून साडी नेसायला लागले. नवरा हसायचा. "बघतंय कोण तुला?" म्हणायचा. मला मात्र वाटायचं, कोणीतरी बघतंय.

निबंधाचा विषय दिला होता, 'माझी शाळा'. बाकीच्यांनी इमारत, मैदान, आवडते शिक्षक असं लिहिलं. तिने लिहिलं होतं: "शाळा सुटते तेव्हा घंटा सगळ्यांना ऐकू येते. पण एखाद्याची शाळाच सुटते तेव्हा घंटा वाजत नाही. तो दिवस बाकीच्या दिवसांसारखाच असतो. घरी पाहुणे आलेले असतात आणि पाणी भरायचं असतं."

मी तो वर्गाला वाचून दाखवला. आणि काय शिकवलं, तर श्लेष. "बघा, सुटणे या एकाच शब्दाचे दोन अर्थ." वीस मिनिटं मी श्लेषावर बोलले. घरी कसले पाहुणे आलेले असतात आणि ते आल्यावर मुलीची शाळा का सुटते, हे माझ्यासारख्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं. मी त्या निबंधाचा फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "माझी विद्यार्थिनी."

पुढच्या वर्षी दिवाळीच्या आधी शाळा उघडली. मुलं दहावीत गेली होती. निम्मा वर्ग एक दिवस, निम्मा दुसऱ्या दिवशी, एका बाकावर एकच जण. फाटकाशी शिपाई कपाळावर तापमापक धरून उभा. मुलग्यांचे आवाज फुटलेले, पँटी घोट्याच्या वर गेलेल्या. नाकापासून खाली सगळ्यांचे चेहरे झाकलेले, त्यामुळे कोण कोण ते मला ओळखूच येईना. शेवटी म्हटलं, "एकेकाने क्षणभर मास्क खाली करून नाव सांगा बघू." एकाला मिशा फुटलेल्या बघून वर्ग खो खो हसला. मलाही इतकं बरं वाटलं! मुलांच्या हसण्याचा आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता.

माझं लक्ष मात्र एकीकडेच होतं. ती खिडकीशी तिसऱ्या बाकावर बसली होती. बारीक, दोन वेण्या, नजर बाकावर. नाव घेतल्यावर "हजर" इतक्या हळू म्हणाली की मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

मी तो निबंध घरून छापून आणला होता. "ऊठ," मी कौतुकाने म्हटलं. "आता सगळ्यांसमोर तुझ्या आवाजात वाच."

ती उभी राहिली. पहिल्याच ओळीत अडखळली. "एखाद्याची" हा शब्द तिने तीनदा तोडून वाचला. मागून कोणीतरी खुसखुसलं. मी तिला बसवलं. भीती असेल, असं मी मनाला समजावलं. दोन आठवडे समजावत होते. मग चाचणीचा पेपर तपासायला घेतला. तिचं अक्षर तिरकं, एकमेकांवर चढलेलं, निबंध चार ओळींचा, आणि त्यात सात चुका.

मधल्या सुट्टीत मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं.

"हे तू लिहिलंयस?"

"हो."

"आणि वर्षभर जे फोटो पाठवलेस ते?"

तिने पेपर माझ्याकडे परत सरकवला.

"कोणी क्लासवाले लिहून द्यायचे का? खरं सांग."

"आई," ती म्हणाली.

"म्हणजे गृहपाठ आई करायची?"

"गृहपाठ पण. तासाला पण आईच बसायची."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

शेजारच्या टेबलावर आमच्या विज्ञानाच्या बाई डबा खात होत्या. त्यांना हसू आवरेना. "अहो, म्हणजे तुमचा तो निबंध! पालकच पास झाले की तुमचे!" सगळी स्टाफरूम हसली. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण माझे कान तापले. मी ज्या मुलीसाठी साडी नेसून बसत होते ती मुलगी नव्हतीच, एवढंच मला कळत होतं. मला उल्लू बनवलं होतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक झालं होतं. मी तिच्या वहीत लाल शाईने लिहिलं, "पालकांनी उद्या येऊन भेटावे."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला दारातून आवाज आला, "बाई, आत येऊ का?" अगदी मुलं विचारतात तसा.

अडतीस-चाळीसची असेल. इस्त्रीची साडी, लग्नकार्याला नेसतात तशी, आणि ब्लाउजच्याच कापडाचा शिवलेला मास्क. हातात कापडी पिशवी, तिच्यात वह्या. डोळ्यांवरून ती हसत होती हे कळत होतं. ती सरळ माझ्या टेबलाशी आली आणि पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले.

"आवाजावरून कुठेही ओळखलं असतं तुम्हाला," ती म्हणाली. "मला वाटलेलं तुम्ही उंच असाल."

मी तिला बसा म्हटलं नाही.

"तुम्हाला कशासाठी बोलावलंय माहीत आहे का?"

"मुलीने सांगितलं, बाई."

"मग हसताय काय? दीड वर्षं तुम्ही शाळेला फसवलंत. तुमची मुलगी दहावीत आहे आणि तिला धड एक परिच्छेद वाचता येत नाही. याला जबाबदार कोण?"

ती काही बोलायला गेली. "बाई, त्याचं असं झालं की..." तिने दाराकडे पाहिलं. मुलगी दाराबाहेर उभी होती. तिने आईकडे बघून मान हलवली, नाही म्हणून. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ मी एवढाच लावला की दोघी मिळून आणखी काहीतरी लपवताहेत.

"काही सांगू नका," मी म्हटलं. "तुम्हाला शिकायची एवढी हौस होती तर रात्रशाळा कमी नाहीत लालबाग-परळला. तिथे जायचं. स्वतःच्या पोरीची जागा अडवून कशाला बसलात?"

विज्ञानाच्या बाईंनी वर पाहिलं आणि पुन्हा पेपर तपासायला मान खाली घातली. आदल्या दिवशी हसल्या त्याच. तेव्हा नाही हसल्या.

"चुकलं माझं, बाई," ती म्हणाली. तिने वह्यांची पिशवी पाठीमागे धरली होती.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मी पुढे केलं ते कोणी सांगितलं नव्हतं. मुलं वर्गात दंगा करतात तेव्हा आम्ही त्यांच्याकडून माफीपत्र लिहून घेतो. मी एक फुलस्केप कागद तिच्यापुढे सरकवला. "लिहून द्या." ती टेबलाच्या कडेला उभ्यानेच वाकली.

"तारीख वर घालू की खाली?" तिने विचारलं.

"वर. उजवीकडे."

तेच गोल, उभं अक्षर. इतके दिवस मोबाइलच्या काचेत पाहिलेलं अक्षर माझ्यासमोर कागदावर उतरत होतं. झालेल्या प्रकाराबद्दल क्षमा मागितली होती, आणि खाली शेवटचं वाक्य होतं: "यापुढे मी वर्गात बसणार नाही." चूक एकही नव्हती. मी कागद ऑफिसच्या फायलीत लावायला दिला. ती "येते बाई" म्हणून गेली. पिशवीतल्या वह्या तिने कशासाठी आणल्या होत्या, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग मी मुलीला हाती घेतलं. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास तिला थांबवायची. खरं सांगायचं तर त्यात तिच्याबद्दलची कळकळ कमी होती. आईने बिघडवलेलं मी दुरुस्त करून दाखवणार, ही ईर्षा जास्त होती. दहा-बारा दिवसांत माझ्या लक्षात आलं की पोरीला येत नाही असं नाहीच. धड्याचा आशय विचारला तर तिला ठाऊक असायचा. व्याकरणाचे नियम तोंडपाठ होते. तिच्या तोंडून शब्द बाहेर पडायला वेळ लागायचा, इतकंच. जणू कित्येक दिवस न उघडलेलं दार.

डिसेंबरात एका संध्याकाळी तिने अख्खं पान न अडखळता वाचलं. वर्गात आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "अगं, हे सगळं येत होतं तर पहिल्या दिवशी का नाही वाचलंस?"

ती बाकावरची रेघ बोटाने गिरवायला लागली. मग म्हणाली, "मी बोलतच नव्हते, बाई."

आणि तिने सांगितलं. आईवडील दोघं कामाला, आई तेव्हा लोअर परळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची, त्यामुळे मुलीला वाढवलं ते आजोबांनी. शाळेत सोडायला, आणायला तेच. सगळं बंद झालं त्या पहिल्याच उन्हाळ्यात आजोबांना ताप आला. वडील ज्या इस्पितळात कामाला होते तिथेच त्यांना नेलं. ते परत आले नाहीत. कोणाला जाऊ दिलं नाही, वडील एकटेच लांब उभे राहून सगळं करून आले.

"मला आजोबा दाखवलेच नाहीत," ती म्हणाली. "सकाळी टॅक्सीत... नाही, अॅम्ब्युलन्समध्ये बसताना मला म्हणाले, मी संध्याकाळी येतो. मग मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे. कोणाशी बोलायचे नाही. जूनमध्ये तुमचं ऑनलाइन चालू झालं. आई फोन समोर ठेवायची, मी ढकलून द्यायचे. मग नाव पटावरून जाऊ नये म्हणून तीच हजेरी लावून बसायला लागली. हजेरीपुरतीच हां, बाई. मग तुम्ही ते विचारलंत, हातचं राखून. तिने लिहिलं. तुम्ही शाब्बास म्हणालात ना, तेव्हा आई हसली. आजोबा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. मला वाटलं, बसू दे तिला."

मी समोरचं पुस्तक मिटलं.

"पण संध्याकाळी ती मला शिकवायची. तुम्ही घेतलेलं सगळं. मी भिंतीकडे तोंड करून असायचे, तरी शिकवायची. तुमच्यासारखंच मध्ये मध्ये थांबून विचारायची, 'आहात ना सगळे?' मी एकटीच असायचे." ती जराशी हसली. "त्यावरच मी पहिल्यांदा बोलले. म्हटलं, आई, सगळे म्हणजे कोण?"

"मग त्या दिवशी आईने मला हे का सांगितलं नाही?"

"मीच नको सांगू म्हटलेलं. सगळे आजोबांचं विचारतात आणि मग मला रडू येतं. शाळेत नको, असं मी आईकडून कबूल करून घेतलं होतं."

त्या संध्याकाळी मी डिलाईल रोडला जायला हवं होतं. शाळेपासून चालत पंधरा मिनिटं. मी गेले नाही. काय बोलायचं ते ठरेना. मुख्याध्यापकांना सांगून ते माफीपत्र काढून घ्यावं म्हटलं, तर त्यासाठी सगळं पुन्हा उकरावं लागणार. पूर्वपरीक्षेचे पेपर काढायचे होते, नाताळची सुट्टी आली. अशा कामांना निमित्तं पटापट सापडतात.

जानेवारीत साथ पुन्हा वाढली आणि शाळा थोडे दिवस परत ऑनलाइन झाली. पहिल्या दिवशी साडेअकराला मी पडद्यावर तिचा चौकोन शोधला. तिने कॅमेरा चालू ठेवला होता. वेणी घातलेली, सरळ बसलेली मुलगी, मागे शिवणाचं मशीन. मशीनवर कोणी नव्हतं. मला आशा वाटली की आई बाजूला बसून ऐकत असेल. मी त्या दिवशी जरा सावकाश, जरा मोठ्याने शिकवलं. चौथ्या-पाचव्या दिवशी तास संपल्यावर मुलीला थांबवून विचारलं, "आई आहे का गं घरात?"

"आहे, पण बाहेर आहे. गॅलरीत."

"कामात असेल तर असू दे."

"नाही, तास असला की ती गॅलरीत जाऊन बसते. मी म्हटलं, बस ना इथेच, बाई काही नाही बोलणार. तर म्हणाली, मी लिहून दिलंय."

मी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला. नवऱ्याने आतून विचारलं, झालं काय?

शाळा पुन्हा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी मी त्यांच्या घरी गेले. सतरा नंबरच्या फॉर्मची सगळी माहिती कागदावर लिहून घेतली होती. शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो अर्ज असतो. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर लांबलचक गॅलरी, प्रत्येक दाराशी पाण्याचं पिंप. आई मशीनवर होती. मला बघून ती ताडकन उठली, मशीनवरचं कापड खाली पडलं.

"बाई! तुम्ही कशाला आलात, मी आले असते की. चाय ठेव गो," तिने मुलीला हाक मारली. मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि स्वतः उभी राहिली. मी बसा म्हटलं, तर पलंगाच्या कडेला टेकली.

मी म्हटलं, "मी त्या दिवशी जे बोलले ते बोलायला नको होतं. मला मुलीने सगळं सांगितलं."

"तुम्ही बरोबरच बोललात, बाई. जागा तिचीच होती."

"नाही. मी चुकले. मी तुमची माफी मागायला आलेय."

ती इतकी अवघडली की मला आणखी बोलवेना. शिक्षकाने माफी मागावी हे तिला सहन होत नव्हतं, आणि मी ते तिच्यावर लादत होते. मी घाईने कागद काढला. तुम्ही किती शिकलात, विचारलं.

"आठवी. नववीत नाव घातलं होतं. गावाला हायस्कूल खाडीपलीकडे, आठ दिवस गेले. मग थोरल्या बहिणीचं लग्न निघालं, ती सासरी गेली, घरातलं माझ्यावर आलं. मग माझंच ठरवलं."

"मग दहावीला बसा. सहज पास व्हाल. मी शिकवीन, माझ्या घरी या. एक पैसा घेणार नाही."

तिने कागद हातात घेतला. पूर्ण वाचला, अगदी खालच्या ओळीपर्यंत. मग चार घड्या घालून मला परत दिला.

"आता नको, बाई."

"का? वय कुठे झालंय?"

"वयाचं नाही. तेव्हा सगळं जग घरात बसलेलं. कारखाना बंद, बाहेर जायचं नाही, कोणी येणार नाही. त्यात मी बसून घेतलं. कोणाला दिसलं नाही. आता सगळी बाहेर पडलीत. ही शाळेत, हे ड्युटीवर, माझी ऑर्डर असते." ती मशीनकडे बघत म्हणाली. "शाळा उघडली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली, बाई. पोर माणसांत गेली. खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस साडेअकरा वाजले की हात फोनकडे जायचा. आता नाही जात."

"त्या वह्या आहेत का?"

"माळ्यावर असतील."

"त्या दिवशी कशाला आणल्या होत्या?"

ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून हसली, पण ते हसू स्टाफरूमच्या दारात पाहिलेलं नव्हतं. "तुम्ही फोनवर टिक करायचात ना, फक्त निशाणी. मला वाटलेलं, समोर भेटलात तर वहीत लाल पेनाने सही घ्यावी. येडेपणा."

मी म्हटलं, काढा त्या, आत्ता करते. तिने मान हलवली. "राहू दे. वर खूप सामान आहे." मुलगी चहाचे कप घेऊन उभी होती. आम्ही चहा प्यायलो. चाळ पाडणार आहेत, तात्पुरतं दुसरीकडे जावं लागेल, असं काहीबाही बोललो. जिन्यापर्यंत ती पोचवायला आली आणि मी खाली उतरेपर्यंत कठड्याशी उभी राहिली.

मुलगी दहावी पास झाली. मार्क मध्यम, मराठीत मात्र चांगले. कॉलेजात कॉमर्सला गेली. दोनदा तिच्याबरोबर निरोप पाठवून मी आईला बोलावलं. दोन्ही वेळा उत्तर आलं, नमस्कार सांगितलाय, वेळ मिळाला की येते. पुढे त्यांची चाळ रिकामी झाली आणि ती मंडळी कॉटन ग्रीनच्या बाजूला राहायला गेली. त्याच सुमाराला मी निवृत्त झाले. जायच्या आदल्या दिवशी ऑफिसात जाऊन ती फाइल मागितली. जुन्या फायली गोदामात गेल्यात, असं कारकुनाने सांगितलं.

बारावीचा निकाल लागल्यावर मुलगी पेढे घेऊन दादरला घरी आली. चांगली उंच झालीय, भराभर बोलते. आई कशी आहे विचारलं, तर म्हणाली, "बरी आहे. मशीनवर असते." मी कपाटातून कथांचं एक पुस्तक काढलं, माझं आवडतं. आईला दे म्हटलं. त्यात काही लिहावं, असं मनात आलं होतं. पेन हातात घेतलं आणि ठेवून दिलं. आता मी काय लिहिणार होते?

तीन आठवड्यांनी ती पुस्तक परत घेऊन आली. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं होतं, कोपरे नीट दुमडून, शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं. वर नाव, विषय काही लिहिलेलं नव्हतं.

"अगं, परत कशाला? ते तिलाच दिलं होतं."

"आई म्हणाली, बाईंचं पुस्तक बाईंकडे गेलं पाहिजे."

मी पानं उलटून पाहिली. कुठे दुमड नाही, खूण नाही.

"वाचलं का तिने?"

"माहीत नाही, बाई," मुलगी चपला घालता घालता म्हणाली. "मी दिवसभर कॉलेजला असते."